नव्याण्णव मेंढरांनी काय करावे?



दरवर्षी पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार आपण ‘उत्तम मेंढपाळाचा रविवार’ म्हणून पाळतो. त्या दिवशी योहानलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील वाचन असते. एका वर्षी मेंढवाड्याच्या दाराविषयी, दुसऱ्या वर्षी मेंढरांसाठी प्राण देणाऱ्या मेंढपाळाविषयी आणि तिसऱ्या वर्षी त्याचा आवाज ओळखणाऱ्या मेंढरांविषयी, असा हा तीन वर्षांचा क्रम आहे. पोप महोदय सहावे पॉल यांनी १९६४ साली या रविवाराला जागतिक पाचारण प्रार्थना दिनाची जोड दिली. तेव्हापासून या दिवशी आपण धर्मगुरूंसाठी आणि नव्या पाचारणांसाठी विशेष प्रार्थना करतो.

हे सर्व योग्यच आहे. पण या विषयावरचे प्रवचन ऐकताना आपल्या मनात एक सोयीचा विचार येतो. मेंढपाळाने कसे असावे, हे फादरांना उद्देशून आहे; आपण तर मेंढरे, आपण नुसते ऐकायचे! आज मला नेमके उलट विचारायचे आहे. शंभरातील एक मेंढरू हरवले आणि मेंढपाळ त्याच्या शोधात निघाला, तर मागे राहिलेल्या नव्याण्णवांनी काय करावे?

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मत्तयाच्या अठराव्या आणि लूकच्या पंधराव्या अध्यायात तो येतो. मेंढपाळ ते मेंढरू खांद्यावर घेऊन परततो, हे चित्र इतके ओळखीचे आहे की रोममधील पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही आपल्या भुयारी दफनभूमीच्या भिंतींवर ते रंगवले. पण दाखल्यातली एक गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे कोठे सोडतो? सुरक्षित वाड्यात नव्हे. मत्तय डोंगर म्हणतो, लूक रान म्हणतो. एकासाठी नव्याण्णवांना उघड्या रानात सोडणे शहाणपणाचे आहे काय? न्यायाचे तरी आहे काय?

हा प्रश्न मी एका खऱ्या मेंढपाळालाच विचारला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हरभऱ्याची सोंगणी झाली, वावरे मोकळी झाली, की धनगरांची मेंढरे उतरतात हे आपण सारेच पाहतो. शेतकरी त्यांना वावरात बसवून घेतो. रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. आमच्या शेजारच्या वावरात असाच एक वाडा उतरला होता. संध्याकाळी म्हातारा धनगर जाळी ठोकत होता. मी विचारले, “बाबा, एक मेंढी मागं राहिली तर बाकीच्या सोडून जाता का तिच्या मागं?”

तो हसला. म्हणाला, “येकटा असलो त नाई जात भाऊ. सारी मेंढरं जातीन ना मंग! पन येकटा कोन रायते? पोरगं असते, भावाचा वाडा असते, कुत्रे असतेत. आन् मेंढरं येकाजागी बसली की बसून रायतेत. तवा जाता येते.”

पुष्कळ प्रवचने ऐकूनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते या माणसाने दोन मिनिटांत सांगितले. हरवलेल्या एकाकडे मेंढपाळाला जाता येईल की नाही, हे नुसत्या त्याच्या मायेवर ठरत नाही. मागचे नव्याण्णव एकमेकांना धरून बसतात की नाही, यावरही ते ठरते. कळप फुटका असेल, तर चांगला मेंढपाळसुद्धा जागचा हलू शकत नाही.

आता लूकच्या शुभवर्तमानात हा दाखला येशू कोणाला सांगतो, ते पाहा. जकातदार आणि पापी लोक त्याच्याकडे येत होते, तो त्यांच्याबरोबर जेवत होता, म्हणून परुशी आणि शास्त्री कुरकुर करत होते. त्यांना हा दाखला सांगितला आहे. म्हणजे दाखला ऐकणारे लोक हरवलेले नव्हते. नियमाने मंदिरात येणारे, उपवास करणारे, दान देणारे असे ते नव्याण्णवांपैकी होते. त्यांची तक्रार एवढीच होती की हा गुरू आमच्यासाठी आहे, मग तो त्यांच्याकडे का जातो?

बंधू-भगिनींनो, ही तक्रार मी स्वतः केली आहे. ती येथे कबूल करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या चर्चच्या वार्षिक सणाची वर्गणी गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. मिस्सा संपल्यावर वर्गणी दिलेल्यांची आणि बाकी असलेल्यांची नावे मोठ्याने वाचायची, अशी त्या वेळी पद्धत होती. मीच ती यादी वाचत असे. त्यात कोणाचे काही चुकते आहे, असे मला वाटत नव्हते. एका दूरच्या खेड्यातील आपले एक बांधव दोन रविवार लागोपाठ ‘बाकी’मध्ये आले. तिसऱ्या रविवारी ते मिस्साला दिसले नाहीत. पुढेही दिसले नाहीत. आम्ही आपापसांत बोललो. कोणी म्हणाले, आता त्यांना चर्च नको झाले आहे. कोणी म्हणाले, दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला जात असतील. त्यांच्या घरी जाऊन पाहावे, असे मात्र कोणालाच सुचले नाही. मलाही नाही.

सण आठ-दहा दिवसांवर आला होता. रविवारच्या मिस्सानंतर कमिटीची बैठक होती. मंडप, जेवण, मिरवणूक, सर्व ठरायचे होते. फादर मिस्सा आटोपून बाहेर आले, आम्हाला म्हणाले, “तुम्ही सुरुवात करा, मी येतो,” आणि मोटारसायकल काढून निघून गेले. आम्ही दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली. तेवढ्यात त्या खेड्याकडून आलेल्या कोणीतरी सांगितले, फादर अमक्याच्या अंगणात बाजेवर बसले आहेत. मग आमची जीभ सुटली. इथे सगळ्या धर्मग्रामाचा सण खोळंबला आहे आणि फादर वर्गणी न देणाऱ्या एका घरी बसले आहेत! हे वाक्य माझे होते.

फादर संध्याकाळी परतले. तिकडे काय झाले, याविषयी त्यांनी एक शब्द सांगितला नाही. त्यांनी सांगू नये, हेच योग्य होते. पुष्कळ दिवसांनी ते बांधव स्वतःच माझ्याशी बोलले. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता, येथे लिहितो. परतीच्या पावसाने त्यांचे सोंगलेले सोयाबीन वावरातच सडले होते. बँकेचे कर्ज होते, वर सावकाराचे होते. त्यातच चर्चमध्ये, सर्वांसमोर, मुलांच्या देखत ‘बाकी’ म्हणून नाव वाचले गेले. ते म्हणाले, “फादर आले तवा घरी मी येकटाच होतो. फादरनं काही उपदेश नाही केला. भाकर आहे का म्हणून विचारलं. ठेचा-भाकर खाल्ली आणि बसून राहिले. बरं झालं आले त्या दिवशी.”

एवढेच म्हणून ते गप्प झाले. मी पुढे विचारले नाही. आपल्या भागात राहणाऱ्या माणसाला पुढचे विचारावे लागत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा होता. अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

त्या दिवशी बैठकीत आम्ही नव्याण्णव होतो, आणि मेंढपाळाने आम्हाला सोडले म्हणून आम्ही रागावलो होतो. हरवलेले मेंढरू म्हटले की आपल्यासमोर पापी, दारुडा, भांडखोर माणूस येतो. पण माणूस कर्जाने हरवतो, लाजेने हरवतो. कधी कधी तर आपणच वाचलेल्या यादीने तो हरवतो. त्यानंतर आपल्याकडे नावे वाचणे बंद झाले, हे जुन्या लोकांना आठवत असेल. ते का बंद झाले, हे आज सांगितले.

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फादर एका घरी जातात, एवढ्यावरून ते हरवलेल्याकडेच गेले असे होत नाही. ज्याच्या घरी चारचाकी उभी आहे, ज्याच्या एका फोनवर मोटारसायकल निघते, तो नेहमी हरवलेला असतोच असे नाही! सोयीच्या घरी चहा घेणे आणि एकाच्या शोधात जाणे, यांत अंतर आहे. यहेज्केल संदेष्ट्याने चौतिसाव्या अध्यायात इस्राएलच्या मेंढपाळांना फार कडक शब्दांत सुनावले आहे. मेंढरांचे दूध आणि लोकर यांवर ते स्वतः पोसले, पण दुबळ्यांना बळ दिले नाही, जखमींना पट्टी बांधली नाही, हरवलेल्यांना शोधले नाही, असा त्यांच्यावरचा आरोप आहे. संत ऑगस्टीन स्वतः महागुरू होते. त्यांनी याच अध्यायावर मोठे प्रवचन केले आणि तो आरोप आधी स्वतःला लावून पाहिला. मेंढपाळ हाही आधी एक मेंढरूच आहे, याचे त्यांना सतत भान होते.

म्हणून आपल्याला ‘मेंढरे’ म्हटल्याने आपली बुद्धी गहाण पडत नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढरे आंधळेपणाने कोणाच्याही मागे जात नाहीत. ती आवाज ओळखतात, परक्यापासून दूर पळतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही भाविकांना आपले मत आदराने मेंढपाळांपुढे मांडण्याचा हक्क दिला आहे, प्रसंगी ते कर्तव्यही ठरवले आहे. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, असाही तिचा नियम आहे. हिशेब विचारणे हा धर्मगुरूंचा अवमान नाही. पण हिशेब विचारणे वेगळे आणि मेंढपाळ आपल्यापुरता बांधून ठेवणे वेगळे.

याच संहितेत प्रमुख धर्मगुरूंची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांनी भाविकांना ओळखावे, घरोघरी जावे, त्यांच्या चिंतेत व दुःखात सहभागी व्हावे. आजारी, गरीब, एकाकी, घरदार सोडून परमुलखात आलेले, यांची विशेष काळजी घ्यावी. आणखी एक गोष्ट तेथे आहे. ज्यांनी धर्माचरण सोडले आहे, त्यांच्यापर्यंतही शुभवर्तमान पोहोचावे म्हणून त्यांनी झटावे, आणि तेही भाविकांच्या साहाय्याने. ‘भाविकांच्या साहाय्याने’ हे शब्द आपण नीट वाचावेत. म्हाताऱ्या धनगराचे पोरगे आणि भावाचा वाडा ते हेच!

हे प्रत्यक्षात कसे घडते, याचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे झाला. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे जुन्या गोव्यातील धर्मगुरूंच्या एका छोट्या संघात ते दाखल झाले आणि त्या संघाचे प्रमुखही झाले. त्याच काळात समुद्रापलीकडच्या श्रीलंकेत कॅथलिक लोक मेंढपाळाविना राहत होते. डचांनी १६५८ मध्ये जाफना जिंकले, कॅथलिक धर्मगुरूंना घालवून दिले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी आणली. जवळजवळ तीस वर्षे हे लोक धर्मगुरूशिवाय होते.

गोव्यात तेव्हा धर्मगुरूंची गरज नव्हती काय? खुद्द त्या लहानशा नव्या संघाला आपल्या प्रमुखाची गरज नव्हती काय? होती. व्यवहाराने पाहिले तर त्यांनी त्यांना अडवायला हवे होते. परंतु संघाने त्यांना जाऊ दिले. १६८६ मध्ये ते निघाले आणि १६८७ मध्ये मजुराच्या वेशात जाफन्याच्या किनाऱ्यावर उतरले. आजाराने ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरले. ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख दिसते, हे त्यांना शोधायचे होते. आवाज ओळखणारी मेंढरे अशी एकेक करून त्यांना सापडली. पुढे कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. १६९७ मध्ये तेथे देवीची भयंकर साथ आली. राजा आणि दरबारी नगर सोडून गेले, आजारी माणसे वाऱ्यावर पडली. मोलकरी लांडगा पाहून पळतो, असे येशूने सांगितले आहे. फादर वाझ पळाले नाहीत. आपले भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांच्यासह ते आजाऱ्यांना निवारा व अन्न देत राहिले, त्यांच्या जखमा धूत राहिले, मृतांना मूठमाती देत राहिले. आजारी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी विचारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. पोप महोदय फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

या चरित्रातील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. एवढ्या मोठ्या बेटावर एकटा धर्मगुरू किती ठिकाणी पुरणार? म्हणून फादर वाझ यांनी गावोगावी प्रापंचिक पुढारी नेमले. धर्मगुरू नसताना ते लोकांना प्रार्थनेसाठी एकत्र आणत, मुलांना धर्मशिक्षण देत, आजाऱ्यांची विचारपूस करत. वर्षातून कधीतरी फादर येत तेव्हा कळप जागेवर सापडे. त्या साध्या माणसांनी कळप धरून ठेवला, म्हणूनच मेंढपाळ पुढच्या गावी जाऊ शकला. आपल्याला जाफन्याचे आणि कँडीचे संत आठवतात, पण त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. देवाला ठाऊक आहेत.

आपली स्थिती फार वेगळी आहे काय? आपली घरे थोडी, ती दूरदूरच्या खेड्यांत विखुरलेली. मुले कामासाठी पुणे, मुंबई, सुरतेला गेलेली. फादर एक, आणि त्यांच्याकडे शाळा आहे, कार्यालय आहे, हिशेब आहेत, बांधकामे आहेत. पोप महोदय फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये आपल्या प्रेषितीय बोधपत्रात महागुरूंविषयी लिहिले की मेंढपाळाने कधी कळपाच्या पुढे, कधी मध्ये आणि कधी मागे चालावे. मागे, म्हणजे रेंगाळलेल्यांसाठी. फादर मागे चालत असताना पुढच्या माणसांनी वाट सोडायची नसते, आणि आमच्याकडे पाठ फिरवली म्हणून रुसायचेही नसते.

तेव्हा नव्याण्णवांनी काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, मोजावे. शंभरातला एक नाही, हे मेंढपाळाला कळले ते त्याने मोजले म्हणून. आपण रविवारी आपल्या बाकावर, आपल्या गावातून कोण आले नाही हे पाहतो काय? पाहून नुसती चर्चा करतो, की त्याच आठवड्यात त्याच्या दारी जातो? फादरांना कळवणे चांगलेच. पण आधी आपण जाऊन यावे.

दुसरी गोष्ट, फादरांना मोकळे करावे. मंडप, हिशेब, पाणी, वीज, मिरवणूक ही कामे आपली आहेत. वाढदिवसाला, वास्तुशांतीला, दुकानाच्या आशीर्वादाला फादर उशिरा आले किंवा आले नाहीत, तर रागावण्याआधी विचारावे, ते कोणाकडे गेले होते?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. जो परत येतो त्याला जागा द्यावी. दाखल्यातील मेंढपाळ शेजाऱ्यांना बोलावून म्हणतो, माझ्याबरोबर आनंद करा. हा आनंद त्याला एकट्याने करायचा नाही. ते बांधव सणाच्या दिवशी मिस्साला आले आणि मागच्या बाकावर बसले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसावे, असे मला वाटले. पण मी वर्गणीची वही सांभाळत दाराशीच उभा राहिलो. त्या दिवशी त्यांच्यापेक्षा मीच मेंढवाड्याबाहेर होतो, हे मला फार उशिरा समजले.

महागुरूंच्या हातातील दंड ही मेंढपाळाची काठी आहे, हे आपण जाणतो. ती काठी सन्मानाची खरी, पण आधी ती चालण्यासाठी आहे. आपल्या धर्मगुरूंसाठी प्रार्थना करताना ते नेहमी आपल्याजवळ राहोत, एवढेच मागू नये. आपल्यातला जो नाही त्याच्याकडे जाण्याचे बळ त्यांना मिळो, असेही मागावे. आणि ते परत येईपर्यंत एका जागी, एकमेकांना धरून बसण्याची कृपा उत्तम मेंढपाळ प्रभू येशू आपल्याला देवो.

आमेन.